इंदूरचा खड्डा, पेरूची कॉफी

मौद्यात कॉफी पिकत नाही, आणि खरे सांगायचे तर फारशी प्यालीही जात नाही. कन्हानच्या काठचे आमचे गाव. पेंचच्या कालव्याचे पाणी आल्यापासून तालुका धानाचा झाला. त्याखेरीज मिरची, थोडी कपाशी, बांधावर तूर. नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या टपऱ्यांवर उकळतो तो चहाच. माझे येथे कृषी केंद्राचे दुकान आहे. पंचवीस वर्षे मी युरिया, डीएपी, बियाणे आणि फवारणीची औषधे विकतो आहे आणि रात्री शटर ओढल्यावर जुनी गॅझेटियरे वाचतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. इंग्रजीसुद्धा शब्दकोश मांडीवर ठेवून शिकलो. हे आधीच सांगितलेले बरे. लेखात कुठे दुकानदाराचा हिशेब डोकावला तर वाचक समजून घेतील.

उन्हाळ्यात माझा भाचा जर्मनीहून आला. “मामा, तुमच्यासाठी कॉफी आणली आहे. आवडली नाही तर निदान वाचा,” असे म्हणून त्याने पाव किलोचे पाकीट हातात ठेवले. पाकिटावर खरेच वाचण्यासारखे पुष्कळ होते. देश पेरू, विभाग पुनो, प्रांत सांदिया, जात अरेबिका, पिकवणारे अल्पभूधारक शेतकरी, त्यांच्या सहकारी संस्थांचा संघ सेकोवासा. शेवटी दोन शिक्के : एक सेंद्रिय शेतीचा, दुसरा फेअरट्रेडचा, म्हणजे रास्त भावाच्या व्यापाराचा. माल समुद्र ओलांडून गेला, भाजला गेला, दळला गेला, तरी त्याच्या अंगावरचे मुलुखाचे नाव पुसले गेले नव्हते. माझ्या दुकानासमोरून मिरचीचे आणि धानाचे ट्रक रात्रंदिवस जातात. आमच्याकडच्या बाया बसून मिरचीचे मुके तोडतात. तो माल कुठल्या कुठे जातो, पण पोत्यावर मौदा तालुक्यातल्या एखाद्या खेड्याचे नाव मी अजून पाहिलेले नाही.

त्या दोन शिक्क्यांचा माग काढत मी गेलो, तो शोध मला दोनदा आपल्याच मुलुखात घेऊन आला. हा लेख त्या फेऱ्यांचा आहे.

पहिला शिक्का सेंद्रियचा. तो पाहताच मला एक पुस्तक आठवले. ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, १९३१. लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक व्याख्यानात येते. वाडांचे येत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते नाव वाचून मी थबकलो होतो, ते अजून आठवते. वाड हे इंदूरच्या संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहणारे हॉवर्डचे साहाय्यक. खतातल्या नत्राचा सगळा हिशेब ज्या प्रयोगशाळेत व्हायचा, ती त्यांच्याकडे होती.

ही संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. होळकर दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ती १९२४ साली उभी राहिली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा, म्हणजे कापसाचा. तिच्या कामाचा विषयही कापूसच. हॉवर्ड १९०५ मध्ये हिंदुस्थानात आला, पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्याने गव्हावर काम केले आणि तिथल्या चौकटीला कंटाळून तो इंदूरला गेला. पत्नी गॅब्रिएल ही त्याच्याइतकीच जाणती शास्त्रज्ञ. दोघांचा निष्कर्ष असा, की नुसते नवे वाण देऊन कापूस सुधारणार नाही. काळ्या मातीला कुजलेले खत हवे, आणि शेतकऱ्याचे शेण तर चुलीत जाते. मग खत आणायचे कुठून? शेतात जे वाया जाते त्यातून.

त्यांची पद्धत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास तिचाच आहे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. त्यात काडीकचरा, पालापाचोळा, तण यांचे थर. त्यावर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख. गोठ्याची जमीन फरशीची नको, मातीची हवी, म्हणजे मूत्र वाया जात नाही, हा त्यांचा आग्रह. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांची चाके त्यांचा चुरा करतात. वरून पाणी शिंपडायचे, ठरलेल्या दिवशी ढीग पालटायचा, असे तीनदा. तीन महिन्यांत खत तयार. पुस्तकातले हे बंडीच्या चाकांचे वाक्य मला सगळ्यात आवडते. आमच्या आजोबांच्या उकंड्यावर जे आपोआप अर्धेमुर्धे व्हायचे, ते येथे मोजून, तपासून, तारखांसह लिहून ठेवले आहे. हॉवर्डने त्यात चीनच्या शेतकऱ्यांचे ऋण मानले आहे आणि आपल्या शेतकऱ्यांना तो आपले गुरू म्हणत असे. पद्धतीला मात्र नाव पडले गावाचे : इंदूर पद्धत.

गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून ही पद्धत लोकांपुढे ठेवली. पुढच्याच वर्षी ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला गेले. विदर्भात कंपोस्ट खताचा बोलबाला झाला तो त्या दिशेने.

पण इंदूरची पद्धत सर्वांत आधी कोणी उचलली? कापसाच्या शेतकऱ्यांनी नव्हे, कॉफीच्या मळेवाल्यांनी. १९४० च्या आपल्या ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथात हॉवर्डने याची हकिगत दिली आहे. आफ्रिकेतले पहिले केंद्र नैरोबीजवळचा किंगाटोरी हा कॉफीचा मळा. काम सुरू झाले फेब्रुवारी १९३३ मध्ये. पुढे मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कॉफी संस्थेने या पद्धतीची माहिती स्पॅनिशमध्ये छापली आणि ती स्पॅनिश बोलणाऱ्या कॉफी-मुलुखात पसरली. कारण सरळ आहे. कॉफीचे पीक डोंगरउतारावरचे, पाऊस माती धुऊन नेतो, आणि फळाची साल काढली की कचऱ्याचे डोंगर साठतात. त्या सालीचे करायचे काय, याचे उत्तर काळ्या मातीतल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून आले.

येथे सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो, तो मी आवरतो. सांदियातला शेतकरी आज जे खत घालतो ते हॉवर्ड-वाडांचे पुस्तक वाचून घालतो, असे मी म्हणत नाही. अँडीजच्या लोकांचे शेतीचे शहाणपण इंदूरहून फार जुने आहे. पण ‘सेंद्रिय’ या शिक्क्यामागे जी नियमावली आहे, तिच्या विचाराचा एक मोठा झरा इंदूरच्या त्या ३०० एकरांत आहे, एवढे निश्चित.

आता दुसरा शिक्का. हा मातीचा नाही, भावाचा आहे, आणि भावाचा इतिहास अधिक कडू आहे.

ब्राझीलमध्ये कॉफी गेली १७२७ साली. एकोणिसाव्या शतकात ती गुलामांच्या श्रमावर वाढली, आणि तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ मध्ये. तोवर कॉफी इतकी पिकू लागली होती, की १९०६ मध्ये ब्राझीलच्या कॉफी पिकवणाऱ्या राज्यांनी करार करून माल विकत घेऊन साठवायला सुरुवात केली. जागतिक मंदीत तेही पुरेना. १९३१ पासून पुढच्या तेरा-चौदा वर्षांत ब्राझीलने सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी जाळली किंवा समुद्रात टाकली. ६० किलोचे एक पोते. हा आकडा मी कागदावर तीनदा लिहून पाहिला. वऱ्हाडच्या वाचकाला यातली चढउतार ओळखीची वाटेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावला येऊन रेल्वेच्या फाट्याचे उद्घाटन केले, आणि तेवढ्यात भाव उतरणीला लागलेले होते.

युद्धानंतर भाव सावरण्याचा मोठा प्रयत्न झाला तो १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने. कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची याचे कोटे ठरले. अमेरिकेने त्यात सामील होण्यामागे क्यूबाच्या क्रांतीची धास्ती होती : दक्षिणेकडचा शेतकरी उपाशी राहिला तर तो डाव्या बाजूला जाईल. त्या धास्तीच्या आधारावर छोट्या शेतकऱ्याला पंचवीसेक वर्षे बऱ्यापैकी भाव मिळाला. शीतयुद्ध ओसरू लागले आणि ४ जुलै १९८९ रोजी कोटे उठले. काही महिन्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २००१ मध्ये तर न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ५० सेंटांच्या खाली गेली. इतक्यात पिकवण्याचा खर्चही निघत नव्हता.

फेअरट्रेडचा शिक्का त्या कोसळण्याच्या जरा आधी जन्मला होता. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘उसिरी’ ही संघटना बांधली. त्यांच्यात राहणारा डच धर्मगुरू फ्रान्स व्हान देर होफ आणि हॉलंडमधल्या ‘सॉलिडारिडाड’ या संस्थेचा निको रोझेन यांनी मिळून एक तोडगा काढला. दान नको, भाव द्या, हे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ही कॉफी वेगळ्या दुकानांतून न विकता नेहमीच्या दुकानांतच ठेवायची, फक्त त्यावर एक खूण असायची. नोव्हेंबर १९८८ मध्ये ती खूण बाजारात आली : माक्स हावेलार. हे नाव १८६० च्या एका डच कादंबरीच्या नायकाचे. जावा बेटावर डच सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी पिकवून घेत होते, त्याविरुद्ध मुल्टाटुली या टोपणनावाने एका माजी अधिकाऱ्याने ती लिहिली होती. कॉफीच्या पाकिटावर कादंबरीचे नाव छापले गेले, ही गोष्ट दिवाळी अंकाच्या वाचकांना आवडावी.

सांदियाचे शेतकरी या शिक्क्याच्या कक्षेत आले ते पेरूहून. तितिकाका सरोवराच्या काठच्या थंड पठारावरून केचुआ आणि आयमारा कुटुंबे पूर्वेकडच्या दमट उतारांवर उतरली, जंगलाच्या सावलीत कॉफी लावली आणि १९७० मध्ये त्यांच्या संस्थांनी सेकोवासा हा संघ केला. त्यांच्या ‘तुंकी’ नावाच्या कॉफीने २०१० मध्ये अमेरिकेतल्या जाणकारांच्या स्पर्धेत पहिला मान मिळवला. तुंकी हा पेरूचा राष्ट्रीय पक्षी, लालभडक तुऱ्याचा. पण २०१३ च्या सुमारास तांबेरा रोगाने बागा झडल्या आणि त्याच खोऱ्यांत कोकाची लागवड वाढली. कोकाला शिक्का लागत नाही आणि गिऱ्हाईक दारात येते. बक्षीस मिळालेल्या पिकाचीही ही अवस्था होऊ शकते, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

आता दुकानदाराचा हिशेब. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिकाचा फेअरट्रेडचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर आहे. सेंद्रिय असेल तर ०.४० अधिक. त्यावर ०.२० डॉलर सामाईक निधी, जो कुठे खर्च करायचा हे संस्थेच्या सभेने ठरवायचे. एकूण २.४० डॉलर. पाव किलो भाजलेल्या कॉफीला सुमारे ३०० ग्रॅम कच्चे बी लागते. त्याचे होतात १.६० डॉलर. भाच्याने पाकिटाला दिले साडेसात युरो. म्हणजे फार तर पाचवा हिस्सा, तोही बंदरावर, संघाच्या हातात. त्यातून वाहतूक, वाळवण, तपासणीची फी वजा जाऊन उरेल ते शेतकऱ्याचे. बाजारभाव किमान भावाच्या वर गेला तर बाजारभाव द्यावा लागतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो ४ डॉलरच्याही वर गेला होता. अशा वेळी नवीच अडचण येते : व्यापारी रोख घेऊन बांधावर उभा राहतो आणि सभासद संस्थेला दिलेला शब्द विसरतो. कोलंबियात २०२१ मध्ये असेच झाले.

हे वाचताना मला आपला कापूस एकाधिकार आठवला नसता तरच नवल. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारी योजनेतून विकायचा, नफ्यातला हिस्सा भाव-चढउतार निधीत टाकायचा, पडत्या वर्षी तो वापरायचा. माझे आजोळ काटोलकडचे. लहानपणी मामाच्या बंडीवर, कापसाच्या ढिगावर मी केंद्राबाहेरची एक अख्खी रात्र काढली आहे, पुढेमागे बंड्याच बंड्या, बैलांच्या घंटा, आणि मामा सांगत होता, “भाव आता आपला आहे, बापू.” बाहेरचा भाव चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेशात आणि आंध्रात जायचा, हमीचा भाव वर असला की तिकडचा इकडे यायचा. कोलंबियाच्या शेतकऱ्याला नावे ठेवण्याआधी हे आठवावे. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला.

तारखा शेजारी मांडून पाहा. कॉफीचा जागतिक कोटा उठला १९८९ मध्ये. १९४२ च्या कायद्यापासून कर्नाटकातल्या मळेवाल्यांची कॉफी सामाईक खरेदीत घेणाऱ्या कॉफी बोर्डाने ती पद्धत १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सोडली. आपला कापूस सुटला २००२ मध्ये. तेरा वर्षांत तीन आधार गेले. त्यांतले दोष मी नाकारत नाही. पण ते मोडताना जागी काय येणार याचा विचार कोणी केला नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भात यावे लागले, त्याची मुळे शोधताना हे साल विसरू नये.

जागी जे आले त्यात हा शिक्काही होता. २००४ मध्ये विदर्भ, तेलंगण आणि ओडिशातल्या कोरडवाहू कापूस शेतकऱ्यांसाठी ‘चेतना ऑरगॅनिक’ हे काम सुरू झाले : सेंद्रिय कापूस, शेतकऱ्यांचे गट, फेअरट्रेडची खूण. त्याच्या पाठीशी असलेल्या संस्थांची नावे वाचताना एका नावापाशी माझे बोट थांबले. सॉलिडारिडाड. वाहाकाच्या कॉफीला खूण देणारी तीच. इंदूरच्या कापसाच्या संस्थेतून कुजलेल्या खताची कृती कॉफीच्या मुलुखात गेली होती. सत्तरेक वर्षांनी कॉफीच्या मुलुखातून भावाची कृती कापसाच्या मुलुखात आली. मधल्या काळात आम्ही दुकानदारांनी युरिया विकला. मीही त्यातलाच.

विदर्भात कॉफी अजिबात नाही असेही नाही. इंपीरियल गॅझेटियरच्या १९०८ च्या दहाव्या खंडात चिखलदऱ्याच्या नोंदीत तिथल्या कॉफीचे कौतुक आहे. उंची दिली आहे ३,६६४ फूट. अरेबिकाला हे मानवते. पावसाळ्यानंतर मी परतवाड्याहून घाट चढून मुद्दाम गेलो. मरियमपूरच्या बाजूला मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपे उभी आहेत, चकचकीत पानांची, फांदीला चिकटून हिरवी फळे. एका कोरकू म्हाताऱ्याला विचारले, तुम्ही पिता का? तो हसला आणि म्हणाला, “हम तो चायवाले, भाऊ.” बाजारात पर्यटकांसाठी कॉफीची पाकिटे मिळतात. मी घेतलेल्या पाकिटावर दुकानाचे नाव होते. कोणत्या पाड्यावरची, कोणी तोडली, काही नाही. पूर्व घाटातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी याच अरेबिकावर उभे राहिले. नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने त्यांनी सेंद्रिय आणि फेअरट्रेड दोन्ही शिक्के मिळवले आणि २०१७ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या कॉफीचे दुकान उघडले. मेळघाटात कॉफी अराकूइतकी नाही, हे खरे. पण शंभर वर्षांहून जुन्या पिकाला एक गाव जोडता आले नाही, याचे कारण केवळ क्षेत्रफळ नसावे. अराकूत शेतकऱ्यांची संस्था आहे. चिखलदऱ्यात झुडपे आहेत.

चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिले की उत्तरेला सातपुड्याच्या रांगा दिसतात. त्यांच्यापलीकडे नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे इंदूर.

घरी दोन्ही कॉफ्या करून पाहिल्या. बायकोने चिखलदऱ्याची पसंत केली, पण तिने दूध आणि साखर घातली होती, त्यामुळे तो निकाल मी धरत नाही. श्रावणात मागच्या अंगणात मी वाड-हॉवर्डांच्या पद्धतीने लहानसा खड्डा खणला. पऱ्हाट्या त्या दिवसांत मिळत नाहीत, म्हणून धानाचे तणीस घेतले, शेजारच्या गोठ्यातली माती आणली. पावसाळ्यात खड्डा करू नये, ढीग जमिनीवर रचावा, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. मी ते पान नंतर वाचले. पोळ्याच्या पावसात खड्डा भरला आणि सगळे उपसून पुन्हा रचावे लागले. नव्या ढिगाची तिसरी पालटणी दिवाळीच्या आठवड्यात आहे.